बटणांच्या डब्यातली पिन

मिस्त्रींचा एक नियम होता, आणि बाटल्या भरायच्या कारखान्यात त्यांनी तो आयुष्यभर पाळला. मशीनच्या पोटात शिरायचं असेल तर आधी फ्यूज काढायची आणि ती खिशात टाकायची. सुपरवायझरच्या टेबलावर ठेवायची नाही, जोडीदाराच्या हातात द्यायची नाही. जो आत जाणार, फ्यूज त्याच्याच खिशात. जोडीदार सख्ख्या भावासारखा असला तरी तो चहाला जातो, त्याला कुणी हाक मारतं, तो विसरतो. नव्या पोराला मिस्त्री पहिल्याच दिवशी विचारायचे, "हात किती तुझे?" पोरगं हसून म्हणायचं, "दोन." मिस्त्री न हसता म्हणायचे, "मोजून ने आणि मोजून आण."

ते स्वतः दहाची दहा बोटं घेऊन निवृत्त झाले. त्या कारखान्यात ही मिरवण्यासारखी गोष्ट होती. ते मिरवत नसत.

राहायला कामगारांच्या जुन्या ओळीतली दोन खोल्यांची जागा होती. पुढे सामाईक ओटा, आणि दोन घरांमध्ये एका विटेची भिंत. इकडे कुणी शिंकलं की तिकडून "सर्दी झाली का?" अशी चौकशी यायची. भिंतीपलीकडे शिंपी राहायचा. त्याचं मशीन दिवसभर खडखडायचं, त्याची काकूंना इतकी सवय होती की ते थांबलं की त्या दचकून वर बघायच्या. काकू म्हणजे मिस्त्रींची बायको. सगळी ओळ त्यांना काकूच म्हणायची.

घरात एक बंदूक होती. मिस्त्रींचे वडील एका फळबागेचे राखणदार होते, त्यांची एकनळी. वडील गेले, बाग गेली, बंदूक लायसन्ससकट मिस्त्रींच्या नावावर आली. मिस्त्रींनी तिने कधी चिमणीसुद्धा मारली नव्हती. अधूनमधून तेलपाणी करायचं, पुन्हा लोखंडी कपाटात ठेवायची आणि कपाटाची किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला अडकवायची. वडील गेल्यापासून ती किल्ली त्या खिळ्यावरच होती.

मुलगा एकुलता एक. सगळे त्याला सोन्या म्हणायचे, तिशी उलटली तरी. तो ट्रक चालवायचा. एका गोदामाच्या आवारात ट्रक मागे घेताना एक हमाल चाकाखाली आला. चौकशी झाली, चूक हमालाची ठरली, सोन्या निर्दोष सुटला. पण सुटला तो कागदावर. त्यानंतर त्याने स्टेअरिंगला हात लावला नाही. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. ताट जसं जायचं तसंच परत यायचं. आई डोळ्यांत तेल घालून बसलेली असायची, आणि एका दुपारी तिचाच डोळा लागला.

मिस्त्री घरी आले तेव्हा कपाट उघडं होतं आणि सोन्या मांडीवर बंदूक आडवी घेऊन बसला होता.

"काय करतोस?"

"पुसतोय."

हातात फडकं नव्हतं. मिस्त्रींनी हात पुढे केला आणि त्याने बंदूक मुकाट्याने दिली. मग म्हणाला, "आता दुसरं कुलूप लावाल ना? लावा. माझ्यावर विश्वास राहिला नसेल तुमचा."

मिस्त्रींना पटकन उत्तर सुचण्याची सवय नव्हती. त्या दिवशी सुचलं. "विश्वास नाही कसा? माझा मुलगा आहेस तू." त्यांनी बंदूक त्याच्यादेखत कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली त्याच्यादेखत त्याच खिळ्याला अडकवली.

दुसऱ्या दिवशी काकू त्याला दवाखान्यात घेऊन गेल्या. घर रिकामं झालं तेव्हा मिस्त्रींनी कपाट उघडलं. वडिलांच्या वेळची चार काडतुसं होती ती पोलिसात देऊन आले. पण काडतूस बाहेरही मिळतं, आणि ट्रकवर दहा गावचं पाणी प्यायलेल्या माणसाला ते कुठे मिळतं हे सांगावं लागत नाही. म्हणून त्यांनी बंदुकीची पिन काढली. चाप ओढला की घोडा पडतो पिनेवर, आणि पिन आपटते काडतुसावर. करंगळीच्या पेराएवढी वस्तू, पण ती नसेल तर बंदूक म्हणजे नुसती जड काठी.

पिन त्यांनी शिंप्याला दिली आणि का देतोय तेही सांगितलं. शिंप्याने उलटून एक प्रश्न विचारला नाही. बटणांचा पत्र्याचा डबा उघडला, पिन आत टाकली आणि डबा खुळखुळवला. "हजार बटणांत हे एक बटण," म्हणाला. "सापडणार आहे कुणाच्या बापाला!"

फेकून का नाही दिली? मिस्त्री फिटर होते, आणि फिटर पार्ट फेकत नाही. बंदूकच जमा का नाही केली? मुलाला शब्द दिला होता.

सोन्या हळूहळू उठला. आधी ताट रिकामं व्हायला लागलं. मग तो ओट्यावर येऊन बसला. मग नाक्यावरच्या टायरवाल्याकडे पंक्चर काढायला जायला लागला. तिथे चाकांशीच गाठ होती, पण सुट्या चाकांशी. काकू म्हणायच्या, औषधाने उतार पडला. मिस्त्री म्हणायचे, कामाने. त्यावर दोघांचं कधी एकमत झालं नाही, पण वाद घालण्याइतकं बरं चाललंय याचंच दोघांना समाधान होतं. अशी काही वर्षं गेली.

मग शिंपी वारला. त्याची मुलगी परगावाहून आली, तिने घर रिकामं केलं, आणि जाताना अस्तराच्या कापडात गुंडाळलेली पिन मिस्त्रींच्या हातावर ठेवली. "बाबांनी सांगितलं होतं, मिस्त्रीकाकांच्याच हातात दे. कशाची आहे ही?"

"मशीनची," मिस्त्री म्हणाले.

आता ती ठेवायची कुठे? ते सदऱ्याच्या खिशात ठेवून हिंडायला लागले. अंघोळीला गेले की साबणाच्या भांड्यात, झोपले की उशीखाली. एके दिवशी काकूंनी धुण्याच्या बादलीतून ती काढली आणि ओल्या हाताने त्यांच्यापुढे धरली.

"अहो, मला सापडली, उद्या त्याला सापडेल. घरातली वस्तू घरातल्यांपासून लपत नाही."

ओळीत दुसऱ्या बाजूला पोस्टमन राहायचा. तो पत्रं वाटता वाटता बातम्याही वाटायचा. तेव्हा उरला शिंप्याच्या जागी आलेला नवा शेजारी.

तो टर्नर होता, लेथवर लोखंड कातणारा. पन्नाशीचा, एकटा, बायको वारलेली, मुलगी सासरी. सामान काय, तर एक वळकटी, दोन पातेली आणि चार माणसांनी घाम गाळत आत नेलेली छोटी लेथ. पुढच्या खोलीत पलंग असतो तिथे त्याने लेथ बसवली.

"हा झोपतो कुठे?" काकूंनी विचारलं.

"लेथखाली. तिला एकटं वाटायला नको," मिस्त्री म्हणाले. ही त्यांची त्या वर्षातली एकमेव थट्टा.

टर्नर बोलका होता. "मिस्त्री, तुमच्या दाराची बिजागरी रडतेय, ऐकू येतं मला." "वहिनी, तुमची किसणी द्या, धार लावून देतो." मोडकी वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. पोस्टमनची सायकल, समोरच्या घरातला स्टोव्हचा बर्नर, नळाची तोटी, सगळं त्याने न सांगता दुरुस्त केलं. पैसे कुणी विचारले तर हात झटकायचा.

मिस्त्रींनी त्याला पारखायचं ठरवलं, आणि कारखान्यात माणूस पारखतात तसंच पारखलं. हत्यार उसनं द्यायचं आणि ते परत कसं येतं ते बघायचं. टर्नरने एकदा चपटी कानस मागितली. मिस्त्रींनी मुद्दाम जुनी, दात भरलेली दिली. ती दोन दिवसांत परत आली. तारेच्या ब्रशने दात साफ केलेले, वर खडू चोळलेला, ढिला दांडा घट्ट ठोकलेला, आणि सगळं तेलकट कागदात गुंडाळलेलं. मिस्त्रींनी ती उजेडात धरून बघितली. अशी कानस परत करणारा माणूस त्यांनी कारखान्यातसुद्धा एखाददुसराच पाहिला होता.

"माणूस चोख आहे," ते काकूंना म्हणाले.

"कानस घासून दिली म्हणून?"

"शितावरून भाताची परीक्षा."

"भाताची होते हो. स्वयंपाकिणीची नाही होत." काकूंनी हातातलं काम खाली ठेवलं. "द्यायचीच असेल तर त्याला सगळं सांगून द्या. शिंपीदादांना सांगितलं होतं तसं. नाहीतर देऊ नका."

"शिंप्याची गोष्ट वेगळी. त्याने सोन्याला अंगाखांद्यावर खेळवला होता. याला येऊन चार महिने नाही झाले. उद्या नाक्यावर तोंड उघडलं याने, तर पोरगा पुन्हा टायरवाल्याकडे जाईल का?"

"मग पिन तरी का देता त्याच्याकडे?"

"पिन काय, लोखंडाचा तुकडा. तो सांभाळायला हात लागतात. हात चांगले आहेत त्याचे."

काकू म्हणाल्या, "अर्धं सांगितलेलं काम दुप्पट बिघडतं, हे तुम्हीच म्हणायचात ना?" मिस्त्री उठून ओट्यावर गेले.

म्हणजे मिस्त्रींनी भरवशाचे दोन भाग केले. वस्तूपुरता भरवसा टर्नरला, आणि कारण स्वतःपाशी. त्यांना ते मापात वाटलं.

पिन देताना ते एवढंच म्हणाले, "ही तुमच्याकडे ठेवा. मी मागितल्याशिवाय देऊ नका. आणि काही विचारू नका."

टर्नरने पिन दोन बोटांत फिरवली. लोखंड बघून वस्तू ओळखणारा माणूस तो. "एकनळीची?" त्याने टोकावर नख घासलं. "झिजलीय हो. गंजही धरलाय. ही काडतुसाला नीट लागणारच नाही."

"असू द्या."

"असू द्या काय! एवढी जुनी चीज..."

"असू द्या म्हटलं ना."

टर्नरने मान डोलावली आणि पिन लेथच्या पात्यांच्या डबीत ठेवली. मिस्त्री घरी आले. बऱ्याच दिवसांनी त्यांचा खिसा हलका होता.

पुढे काकूंचे डोळे तपासायचे निघाले. मिस्त्री त्यांना घेऊन सकाळीच दवाखान्यात गेले. सोन्याला त्या दिवशी सुट्टी होती. डोळ्यांत औषध घातल्यामुळे येताना काकूंना सगळं धूसर दिसत होतं, म्हणून त्या मिस्त्रींचा दंड धरून पायरी पायरी चाचपत ओट्यावर चढल्या. ऊन अजून होतं. घराचं दार सताड उघडं होतं आणि आतून टर्नरचा आवाज येत होता.

"या, या मिस्त्री! तुमचीच वाट बघत होतो. वहिनी, चहा टाका, दुप्पट साखरेचा!"

पलंगावर जुनं वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि त्यावर बंदूक. तेल लावून, पुसून, चकचकीत. पलंगाच्या कडेला सोन्या बसला होता. त्याच्या हातात कपाटाची किल्ली होती आणि तो ती बोटांत फिरवत होता.

"काय आहे पलंगावर?" काकूंनी डोळे बारीक करून विचारलं. मिस्त्रींनी त्यांचा हात दाराच्या चौकटीला लावून दिला.

टर्नर फुलून आला होता. "जुनी पिन बघितली तेव्हाच कळलं मला. म्हटलं, मिस्त्रींकडे लेथ नाही, आणि मागायचा स्वभाव नाही. बापाची वस्तू मोडून पडलीय, सांगायची लाज वाटतेय, म्हणून माझ्याकडे ठेवायला दिली. मी नवी केली! चांगलं पोलाद घेतलं, तापवून पाणी दिलं, मापात अर्ध्या केसाचा फरक नाही. आज तुम्ही नव्हता, म्हटलं बसवूनच ठेवू, चकित करू. याने किल्ली काढून दिली. घोडा पाडून बघा ना, कसा टण्णकन बसतोय!"

"मी म्हणालो होतो, काही विचारू नका," मिस्त्री म्हणाले.

"विचारलं कुठे? केलं!" टर्नर हसला. मग त्याने एकेकाचा चेहरा बघितला आणि त्याचं हसू विरलं. "काही चुकलं का माझं?"

"नाही," सोन्या म्हणाला. "काम झकास झालंय काका. तुम्ही या आता."

टर्नर गेला. जाताना दार अर्धवट लावून गेला.

सोन्या किल्लीकडे बघत होता. "किती वर्षं नव्हती पिन?"

मिस्त्रींनी बंदुकीखालचं वर्तमानपत्र सरळ केलं.

"त्या दिवसापासून ना?"

"हो."

"याच्या आधी शिंपीकाकांकडे होती?"

"हो."

"त्यांना माहीत होतं. आई, तुला?"

काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. डोळ्यांतून पाणी गळत होतं, औषधाचं की कशाचं कळायला मार्ग नव्हता. "बाळा, आम्ही तुझ्यासाठीच..."

"आणि हा टर्नर? याला येऊन किती दिवस झाले?"

"त्याला काही सांगितलं नाही रे," मिस्त्री घाईने म्हणाले. "एका शब्दाने नाही."

"सांगितलं नाही. पण दिली." सोन्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं. "सकाळी अंथरुणातून उठवायचंच नाही ना मला, तेव्हा मी पडल्या पडल्या त्या खिळ्याकडे बघायचो. म्हणायचो, आपला बाप मूर्ख नाही. बोल्ट आवळला तरी तीनदा तपासणारा माणूस आहे. त्याने किल्ली तिथे ठेवलीय, म्हणजे त्याने मला तपासून ठेवलीय. तो म्हणतोय मी ठीक आहे, तर असेन. आणि उठायचो."

भिंतीपलीकडे टर्नरची खोली गप्प होती. त्याने सगळं ऐकलं असणार. भिंत एकाच विटेची.

"अरे, मशीनमध्ये माणूस असला की फ्यूज खिशात ठेवतात," मिस्त्री शेवटी म्हणाले. "त्यात अविश्वास नसतो. तो कामाचा नियम आहे."

"कुणाच्या खिशात?"

मिस्त्रींचा हात आपसूक सदऱ्याच्या खिशाकडे गेला.

"तुम्हीच शिकवायचात ना सगळ्यांना. कुणाच्या?"

उत्तर मिस्त्रींना तोंडपाठ होतं. शेकडो पोरांकडून त्यांनी ते घोकून घेतलं होतं. सोन्या थोडा थांबला, मग किल्ली बंदुकीशेजारी वर्तमानपत्रावर ठेवून आतल्या खोलीत गेला आणि आतून कडी लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री बंदूक पोलीस ठाण्यात जमा करून आले. हवालदाराने नळी उघडून बघितली. "चालू आहे?"

"आहे."

"मग एवढी चांगली वस्तू देता कशाला?"

मिस्त्रींनी सही केली आणि निघाले. घरी येऊन त्यांनी दाराशेजारचा खिळा उपटला. मागे भोक राहिलं. ते लांबी भरून बुजवता आलं असतं. पण त्यांनी ते तसंच ठेवलं.

टायरवाल्याने दोनदा निरोप पाठवला. मग पाठवणं बंद केलं. ताट पुन्हा जसं जायचं तसं परत यायला लागलं. काकू दवाखान्यातून गोळ्या आणायच्या. सोन्या त्यांच्या तळहातावरून गोळी उचलून गिळायचा. डॉक्टरकडे चल म्हटलं की हो म्हणायचा नाही, नाहीही म्हणायचा नाही.

टर्नर बरेच दिवस तोंड चुकवत होता. मग एका संध्याकाळी ओट्यावर आला आणि पात्यांची डबी पुढे केली. आत जुनी पिन होती. तेव्हा मिस्त्रींनी त्याला सगळं सांगितलं. हमाल, ट्रक, ती दुपार, बटणांचा डबा. काकूंनी सांगितलं होतं तसं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. टर्नर खाली बसला.

"मिस्त्री, हे आधी एका शब्दाने बोलला असतात तर मी त्या पिनेचा लेथवर भुगा केला असता."

"माहीत आहे."

"मग बोलला का नाहीत? माझा भरवसा नव्हता, तर दिलीत कशाला?"

"कानस चांगली घासली होती तुम्ही," मिस्त्री म्हणाले.

टर्नरला ते कळलं की नाही कोण जाणे. तो डबी घेऊन परत गेला. त्यानंतर त्याने ओळीतली एकही वस्तू न विचारता दुरुस्त केली नाही. पोस्टमनच्या सायकलची साखळी कुरकुरत राहिली.

मिस्त्रींना आता एकच गोष्ट खात होती. आतली कडी. सोन्या ती दिवसभर लावून घ्यायचा आणि ते बाहेर स्टूल टाकून त्याच्या श्वासाचा कानोसा घेत बसायचे. तो अंघोळीला गेला की कडी गुपचूप काढता आली असती. एकदा तर ते पेचकस हातात घेऊन दाराशी उभेही राहिले. मग मागे फिरले आणि तो येईपर्यंत थांबले.

तो आला, पलंगावर बसला. मिस्त्री दारात उभे होते.

"मी ही कडी काढतोय," ते म्हणाले. "मला भीती वाटते म्हणून. तुला सांगून काढतोय."

"काढा."

चार स्क्रू होते, रंगात बुडालेले. मिस्त्रींनी पेचकसाच्या टोकाने आधी खाचा मोकळ्या केल्या, मग एकेक स्क्रू आटे न बिघडवता बाहेर काढला. घाई केली नाही. कडी खिशात टाकली आणि स्क्रू मुलापुढे धरले.

"हे तुझ्याकडे. तू म्हणशील तेव्हा मी परत लावीन. तू म्हणाल्याशिवाय नाही."

सोन्याने त्यांच्या तळहाताकडे बघितलं. त्याचे हात मांडीवर होते तिथेच राहिले. मिस्त्री पुष्कळ वेळ हात पुढे करून उभे होते. मग त्यांनी स्क्रू त्याच्या उशाशी, फळीवर, ओळीने ठेवले आणि बाहेर स्टुलावर येऊन बसले.

काकू रोज खोली झाडतात. फळी पुसताना त्या स्क्रूंच्या भोवतीने फडकं फिरवतात, त्यांना हलवत नाहीत. स्क्रू ओळीने तसेच आहेत. एकाचीही खाच बिघडलेली नाही. काम चोख झालं आहे.